प्राणी एकमेकांसाठी पदरमोड का करतात, हे स्वतः बघून कसं शोधायचं

सातभाईंची टोळी तुम्ही बघितली असेलच. मळकट तपकिरी अंग, पिवळसर चोच, सतत कलकलाट, आणि सहा-आठ-दहा जण मिळून पाचोळा उलथत पुढे पुढे सरकत असतात. त्यातला एखादा मधेच उडून वरच्या फांदीवर जाऊन बसतो, खात नाही, नुसती मान इकडेतिकडे फिरवत राहतो. बघणारा लगेच म्हणतो, "बघ, तो पहारा देतोय बाकीच्यांसाठी." मी पण कित्येक वर्षं हेच म्हणत होते. पण या एका वाक्यात तीन अंदाज लपलेत. तो पहारा देतोय हा एक, बाकीच्यांसाठी देतोय हा दुसरा, आणि त्यात त्याचं स्वतःचं काहीतरी जातंय हा तिसरा. तिन्ही खरे असू शकतात, एखादाच खरा असू शकतो, आणि तिन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

ते कसं तपासायचं तेच इथे लिहितेय. कॉलेजचा प्रोजेक्ट असो, नुसती हौस असो, नाहीतर एखादा व्हिडिओ बघून डोक्यात आलेला प्रश्न असो, पद्धत तीच. लॅब लागत नाही. वही, पेन्सिल, घड्याळ, जमलं तर दुर्बीण, आणि तेच तेच तासन्‌तास बघत बसायची तयारी एवढं पुरतं. गणित लागतं पण ते गुणाकाराच्या पुढे जात नाही.

आधी क्रियापदं लिहा, कारणं नंतर

वहीत पहिले काही दिवस फक्त दिसलेलं लिहायचं. "फांदीवर बसला, चार मिनिटं, खाल्लं नाही, दोनदा ओरडला, खालचे सगळे झुडपात घुसले." बस. "सावध केलं", "काळजी घेतली", "वाटून खाल्लं" असले शब्द वहीच्या डाव्या पानावर येऊ द्यायचे नाहीत, ते उजव्या पानावर, पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. हे वाचायला फालतू वाटेल पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण एकदा "मदत केली" असं लिहून ठेवलं की पुढचं सगळं आपण मदतीच्याच चष्म्यातून बघतो.

दुसरी गोष्ट म्हणजे "का" या एका शब्दात चार वेगळे प्रश्न असतात. नीको टिनबर्गन यांनी १९६३ साली ते सुटे करून मांडले आणि आजही प्राण्यांचं वर्तन शिकणारा प्रत्येकजण तिथूनच सुरुवात करतो. हे वर्तन आत्ता कशामुळे सुरू होतं, हा एक. पिल्लापासून मोठं होताना ते कसं येतं, हा दुसरा. त्यानं जगण्यात आणि पिल्लं होण्यात काय फरक पडतो, हा तिसरा. आणि कुठल्या पूर्वजापासून, कुठल्या वाटेनं ते आलं, हा चौथा.

लांब शेपटीचे टिट नावाचे एवढेसे पक्षी आहेत, युरोप-आशियात असतात. ज्या जोडीचं घरटं मोडतं त्यातले बरेच पक्षी दुसऱ्याच्या घरट्यावर जाऊन त्यांच्या पिल्लांना भरवतात, आणि शक्यतो नातेवाईकाच्याच घरट्यावर जातात. आता "नातेवाईक कसा ओळखतात" याचं उत्तर आहे आवाज. हे आवाज घरट्यात असताना, वाढवणाऱ्या मोठ्यांकडून शिकलेले असतात, म्हणजे अंडी-पिल्लं अदलाबदल केली तर पिल्लू ज्याच्या घरट्यात वाढलं त्याच्यासारखं बोलतं. आणि "नातेवाइकालाच का भरवतात" याचं उत्तर वेगळं आहे, ते पुढे नात्याच्या गणितात येईल. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि त्यांचं आपसात काही भांडण नाही. लोक मात्र तासन्‌तास वाद घालतात की "ते आवाजामुळे होतं" की "जीन्समुळे होतं", तर तुम्ही त्यात पडू नका, आधी विचारा की प्रश्न चारपैकी कितवा आहे.

एकेकाला ओळखल्याशिवाय काहीच कळत नाही

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. कळप काही करत नाही. टोळी काही करत नाही. करतो तो त्यातला एक विशिष्ट प्राणी, दुसऱ्या एका विशिष्ट प्राण्यासाठी, आणि पुढच्या वेळी कदाचित तिसऱ्यासाठी करतच नाही. ही सगळी मेख "कोण कोणासाठी" यात आहे, आणि ते कळायला चेहरे ओळखता यावे लागतात.

म्हणून खुणा शोधा. पंखाचं एक पीस गळलेलं, एक बोट नसलेला पाय, कानाची कात्रलेली कड, पाठीवरचा डाग, शेपटीचा बाक. फोटो काढून झूम करून बघत बसा, दोन-तीन दिवसांत डोळा बसतो. पक्षी पकडून पायात रंगीत कड्या घालणं हे परवानगी आणि प्रशिक्षण असलेल्यांचं काम आहे, आपण हात लावायचा नाही. किड्यांवर अभ्यास करणारे लोक पाठीवर लवकर वाळणाऱ्या रंगाचे ठिपके देतात, तेसुद्धा शिकून मगच.

ओळख पटली की कोणाकडे बघायचं हे आधीच ठरवायचं. जीन आल्टमन यांचा १९७४ चा एक पेपर आहे, बबून माकडांवर काम करताना आलेल्या अडचणींमधून लिहिलेला, आणि त्यातला मुद्दा इतका साधा आहे की आधी कोणाच्या लक्षात कसा आला नाही असं वाटतं. आपण जे दिसेल ते टिपत गेलो तर आपल्याला भांडणं आणि आरडाओरडा जास्त दिसतो, शांतपणे कोपऱ्यात बसलेली मादी वहीत येतच नाही. त्यावर उपाय म्हणजे एक प्राणी निवडायचा, दहा मिनिटं फक्त त्यालाच बघायचं, शेजारी कितीही तमाशा चालू असला तरी, मग यादीतला पुढचा, मग त्याच्या पुढचा. क्रम आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर आपण नकळत आवडत्या प्राण्याकडेच वळतो.

मी हे पहिल्यांदा केलं ते गॅलरीच्या छपराखालच्या गांधीलमाश्यांच्या घरावर. छोटंसं, राखाडी कागदासारखं, उघड्या कप्प्यांचं घर होतं. नुसतं बघताना वाटायचं की सगळ्याच माश्या सारख्या राबतायत. कोणाच्या पंखाला चीर, कोणाच्या पोटावरचा पट्टा फिका, अशा खुणांवरून एकेकीला दहा-दहा मिनिटं द्यायला लागले तेव्हा दिसलं की बाहेरून खाणं आणणाऱ्या तिघीच होत्या, तिघीच परत परत, आणि बाकीच्या घरावर बसून. एक जण सुरवंटाचा चावून केलेला हिरवा गोळा तोंडात धरून आली की बसलेल्यांपैकी दोघी-तिघी तिच्या तोंडाशी तोंड लावायच्या, गोळ्याचा तुकडा तोडून घ्यायच्या, आणि मग एकेका कप्प्यात डोकं खुपसून अळीला भरवायच्या. अळी पण नुसतं घेत नाही, ती लाळेचा थेंब परत देते आणि मोठी माशी तो पिते. हे देणंघेणं डोळ्यासमोर घडताना बघितलं की "सहकार्य" हा शब्द किती जाडाभरडा आहे ते कळतं.

पदरमोड आहे का ते बघा

आता हिशोब. मदत म्हणजे दुसऱ्याचा फायदा, पण मदत करणाऱ्याचं काय? दोन शक्यता. एक, त्याचाही लगेच फायदा होतोय. दोन, तो खरंच पदरचं घालतोय. उत्क्रांतीच्या दृष्टीनं कोडं फक्त दुसऱ्यात आहे, कारण पदरचं घालणारा जर त्यामुळे कमी पिल्लं मागे ठेवत असेल तर ती सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? पहिल्यात कोडं नाही, आणि मजा म्हणजे आपल्याला पदरमोड वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी पहिल्यातच निघतात.

पहाऱ्याचंच घ्या. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातल्या मीरकॅटवर, म्हणजे मुंगुसाच्या कुळातल्या छोट्या प्राण्यावर, टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या टीमनं वर्षानुवर्षं काम केलं. मीरकॅट मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करतो तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. १९९९ साली त्यांनी मांडलं की पहाऱ्यावर जातो तो पोट भरलेला मीरकॅट. उकडलेलं अंडं खाऊ घातलं की तोच मीरकॅट जास्त पहारा द्यायला लागतो. आणि पहारेकरी बहुतेक वेळा बिळाच्या जवळ असतो, धोका त्यालाच आधी दिसतो, त्यामुळे पळायलाही तोच आधी मोकळा. म्हणजे पोट भरलंय, आता खाण्यापेक्षा उंचावर बसून आजूबाजूला बघणं त्याच्या स्वतःच्याच फायद्याचं आहे, आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग आपसूक होतो. सातभाईंचे वाळवंटातले नातेवाईक म्हणजे अरबी सातभाई, त्यांच्यावर अमोट्झ झहावी यांनी इस्रायलमध्ये खूप वर्षं काम केलं आणि त्यांचं म्हणणं होतं की पहारा ही ऐट आहे, मी किती दमदार आहे ते दाखवायची. नंतर जोनाथन राइट यांनी त्याच पक्ष्यांना जास्तीचं खाणं देऊन बघितलं तर इथेही पोट भरलं की पहारा वाढतो असंच दिसलं. मला राइट यांचं पटतं, पण झहावींनी प्रश्न विचारला नसता तर कोणी अंडी आणि अळ्या घेऊन तपासायला गेलंच नसतं.

तेव्हा तुमच्या टोळीतला एखादा वर जाऊन बसला की त्याआधीची दहा मिनिटं तो किती खात होता ते वहीत आहे का बघा. पुरेशा नोंदी झाल्या की आपोआप चित्र दिसायला लागेल.

कळप करणं हीच गोष्ट सुद्धा बऱ्याचदा निव्वळ स्वार्थाची असते. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये तळ्याकाठच्या बेडकांचं एक काल्पनिक उदाहरण घेऊन दाखवलं की साप सगळ्यात जवळच्या बेडकाला खाणार असेल तर प्रत्येक बेडूक दुसऱ्या दोघांच्या मधे घुसायला बघणार, आणि कोणाच्याही मनात एकी नसताना घोळका तयार होणार. पुढे मेंढ्यांच्या पाठीवर जीपीएस लावून, मागे कुत्रा सोडून बघितलं तर प्रत्येक मेंढी खरंच कळपाच्या मध्याकडे पळताना दिसली. तर घोळका दिसला की कडेला कोण आहे आणि मधे कोण आहे ते लिहा, आणि घाबरल्यावर कडेचे कुठे जातात ते लिहा.

नात्याचं गणित, उदाहरण सोडवून

पदरमोड आहे असं दिसलं तर पहिला संशय नात्यावर घ्यायचा. १९६४ साली याच हॅमिल्टन यांनी नियम मांडला, आणि तो एवढाच आहे:

नात्याची जवळीक × समोरच्याचा फायदा > स्वतःचा तोटा

फायदा-तोटा मोजायचा तो पिल्लांमध्ये, म्हणजे शेवटी किती पिल्लं वाढली किंवा कमी झाली. नात्याची जवळीक म्हणजे, समाजातल्या कुठल्याही दोघांमध्ये असतं त्याच्यापेक्षा या दोघांमध्ये समान वारशाचं प्रमाण किती जास्त आहे. सख्खी भावंडं अर्धी, सावत्र पाव, चुलत-मावस एक अष्टमांश. डावी बाजू मोठी असेल तर मदतीची सवय पसरू शकते, कारण मदत करायला लावणारं जनुक नातेवाइकाच्या पिल्लांमधूनही पुढे जातं. याला किन सिलेक्शन, म्हणजे नात्यातून होणारी निवड, म्हणतात.

आता खरे आकडे घालून बघा. जंगली टर्कीचे नर कधीकधी जोडीनं मादीसमोर पिसारा फुलवून नाचतात, पण पिल्लं होतात ती फक्त वरचढ नराला, दुसऱ्याला एकही नाही. मग तो दुसरा तिथे करतो काय? अॅलन क्राकाउअर यांनी कॅलिफोर्नियात या पक्ष्यांचा डीएनए तपासून २००५ साली हिशोब मांडला. जोडीतल्या दोघांचं नातं सरासरी ०.४२, म्हणजे जवळजवळ सख्ख्या भावांचं. साथीदार मिळाल्यामुळे वरचढ नराला एकट्या नरापेक्षा सरासरी ६.१ पिल्लं जास्त. आणि साथीदारानं सोडलं काय, तर एकटा राहिला असता तर मिळाली असती ती सरासरी ०.९ पिल्लं. ०.४२ गुणिले ६.१ म्हणजे साधारण २.६, त्यातून ०.९ वजा केले की १.७ उरतात, शून्याच्या चांगलेच वर. भावाच्या लग्नात नाचणं त्याला परवडतं.

असे तिन्ही आकडे हातात असलेली उदाहरणं फार थोडी आहेत, कारण तोटा मोजायला "नसतं केलं तर काय झालं असतं" हे कळावं लागतं. आपल्याला घरबसल्या नात्याचा आकडा मिळणार नाही, पण आई-पिल्लू-भावंडं एवढं तर लक्ष ठेवून कळतं, आणि कुठल्या लिंगाचे प्राणी जन्मगावी राहतात नि कोण निघून जातं एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

पॉल शर्मन यांनी तेच केलं. अमेरिकेतल्या सिएरा नेव्हाडा डोंगरात जमिनीत बिळं करणाऱ्या बेल्डिंग खारी आहेत. त्यांच्यात मुली आईच्या शेजारीच राहतात, मुलगे लांब निघून जातात. जमिनीवरून येणारा शिकारी दिसला की काही खारी थरथरत्या आवाजात ओरडतात. शर्मन यांनी १९७७ साली दाखवलं की ओरडणाऱ्या मुख्यतः मोठ्या माद्या, त्यातही ज्यांच्या आसपास मुली-बहिणी-आई आहेत त्या, आणि ओरडणारीवर शिकाऱ्याची नजर जास्त जाते. म्हणजे पदरमोड आहे आणि ती नात्यासाठी आहे. पण याच खारी ससाणा दिसला की वेगळी शिट्टी मारतात, आणि तिथे हिशोब उलटा निघाला, शिट्टी मारणारी न मारणारीपेक्षा जास्त वाचते. प्राणी तोच, काम वरवर तेच, "धोक्याची हाक", पण कारणं दोन. म्हणून वहीत "अलार्म कॉल" असं एकच खातं उघडू नका, कोणत्या शिकाऱ्याला कोणता आवाज, आवाज देणारा त्या क्षणी कुठे होता आणि नंतर त्याचं काय झालं, असं सगळं सुटं लिहा.

नातं नसेल तर उसनवारी बघा

नात्याबाहेरची पदरमोड टिकायची असेल तर ती कधीतरी परत यावी लागते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये हे नीट मांडलं. अट अशी की तेच दोघं परत परत भेटले पाहिजेत, देणाऱ्याला थोडंसंच जावं आणि घेणाऱ्याचं मोठं काम व्हावं, आणि बुडव्या ओळखता यायला पाहिजे.

रक्त पिणारी वटवाघळं याचं सगळ्यात जवळून बघितलेलं उदाहरण. दोन-तीन रात्री उपाशी गेल्या की मरणच. जेरल्ड विल्किन्सन यांनी कोस्टारिकात बघितलं की रिकाम्या पोटी परत आलेल्या वटवाघळाला शेजारची मादी स्वतःच्या पोटातलं रक्त ओकून भरवते, १९८४ साली ते छापून आलं. नातेवाइकांना देतात तसंच नात्यात नसलेल्यांनाही देतात. पुढे जेरल्ड कार्टर यांनी पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांवर बघितलं तर कोण कोणाला भरवतं हे नात्यापेक्षा आधी कोणी कोणाला भरवलंय त्यावरून जास्त चांगलं सांगता येत होतं. अनोळखी दोघींना एकत्र ठेवलं तर पहिल्याच दिवशी कोणी रक्त देत नाही, आधी एकमेकींचं अंग चाटून साफ करणं सुरू होतं, ते वाढत जातं, आणि मग काही जणींमध्ये गोष्ट रक्त देण्यापर्यंत पोचते. थोडं देऊन बघायचं, मग जास्त.

एक सांगते, उसनवारी शोधताना घाई फार होते. एकदा याने त्याच्या उवा काढल्या आणि नंतर त्याने याच्या काढल्या, एवढ्यावर उसनवारी सिद्ध होत नाही, दोघं नुसते कायम शेजारी बसत असतील तरी असंच दिसेल. वेगळं काय बघायचं तर एकाने देणं थांबवल्यावर दुसरा काय करतो. तिथे खरी परीक्षा. समुद्रातल्या प्रवाळांमध्ये सफाई करणारा क्लीनर रास मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो, पण त्याला खरी चव आवडते ती त्यांच्या अंगावरच्या बुळबुळीत थराची, आणि तो मधेच लुच्चेगिरी करून त्याचा घास घेतो. रेडुआन ब्शारी यांनी दाखवलं की फसलेला मासा एकतर निघून जातो नाहीतर त्याच्या मागे लागतो, आणि दुसरे गिऱ्हाईक मासे बघत असतील तर सफाईवाला जास्त सरळ वागतो. म्हणजे सहकार्य टिकवतंय कोण? बघणारे डोळे आणि निघून जाण्याची मोकळीक. तुमच्या नोंदींमध्ये आयत्या बिळावरचे नागोबा असतीलच, त्यांना वगळू नका, त्यांच्याशी बाकीचे कसे वागतात तेच सोनं आहे.

राणी आणि कामकरी

इथे जरा थांबूया, कारण कोडं इथे सगळ्यात मोठं आहे. मुंग्या, मधमाश्या, वाळवी, यांच्यात बहुतेक जणी स्वतःची पिल्लं सोडून दुसऱ्याची वाढवतात. सस्तन प्राण्यांतही आहे, आफ्रिकेतल्या बिनकेसांच्या मोल रॅटमध्ये, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यात, एकच मादी पिल्लं घालते, हे जेनिफर जार्विस यांनी १९८१ मध्ये सांगितलं.

मुंग्या-माश्यांबद्दल एक गणित सगळीकडे वाचायला मिळतं, ते असं की नर बिनफळलेल्या अंड्यातून होतो, त्यामुळे सख्ख्या बहिणींची जवळीक पाऊण, स्वतःच्या मुलीशी मात्र अर्धीच, म्हणून बहिणी वाढवणं परवडतं. ऐकायला सुंदर आहे पण एवढ्यावर विसंबू नका. त्याच हिशोबात भावाशी जवळीक पावच आहे, सरासरी परत अर्ध्यावर येते. वाळवीत तर हा प्रकारच नाही, तरी तिथे राणी आहे. आणि मधमाश्यांची राणी दहा-वीस नरांशी मिलन करते, म्हणजे पोळ्यातल्या बऱ्याचशा बहिणी सावत्र. जास्त भक्कम गोष्ट २००८ मध्ये समोर आली, की असे समाज ज्या ज्या वंशांत तयार झाले त्यातल्या तपासलेल्या सगळ्यांच्या मुळाशी एकाच नराबरोबर राहणारी मादी होती. एक आई, एक बाप, तर भावंडाशी नातं स्वतःच्या पिल्लाएवढंच, मग मदतीनं थोडासा जरी जास्त फायदा झाला तरी पारडं झुकतं.

मग मधमाश्यांची सावत्र बहिणींची गर्दी टिकली कशी, तर एकमेकींवर पहारा ठेवून. कामकरी माशीला नर होणारी अंडी घालता येतात. पण दुसऱ्या कामकरी माशीचा मुलगा जर सावत्र बहिणीचा असेल तर जवळीक एक अष्टमांश, आणि राणीचा मुलगा म्हणजे भाऊ, पाव. भाऊ जास्त जवळचा. म्हणून कामकरी माश्या एकमेकींची अंडी शोधून खातात. फ्रान्सिस रॅटनिक्स आणि कर्क विशर यांनी १९८९ मध्ये हे दाखवलं. पोळ्यातली शांतता बघून आपल्याला केवढा समर्पणभाव वाटतो, आणि त्यामागे अंड्यांची एवढी कडक झडती असते.

गांधीलमाश्यांवर सगळ्यात मन लावून काम झालंय ते बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, राघवेंद्र गदगकर यांच्या ग्रुपनं, रोपालिडिया मार्जिनाटा या माशीवर. हिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच, आणि बऱ्याच कामकरी माश्या एकट्यानं घर सुरू करू शकतात, तरी राहतात. नातं इतकं जवळचं नसतं की नुसत्या नात्यानं उत्तर सुटावं. गदगकरांनी एक वेगळा हिशोब पुढे आणला. एकटी माशी अळी मोठी व्हायच्या आधी मेली तर तिचं सगळं वाया, शून्य. टोळीतली माशी अर्ध्यात मेली तर तिनं भरवलेल्या अळ्या बाकीच्या पुढे वाढवतात, तिचं काम फुकट जात नाही. जिथे मरण कधीही येऊ शकतं तिथे ही खात्री फार मोठी.

आणि यांची राणी अगदी मवाळ असते, कोणावर दादागिरी नाही. ती नाहीशी झाली की काही वेळातच एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, आणि थोड्या दिवसांत तीच अंडी घालायला लागते. कोण होणार हे आधी आपल्याला कितीही बघून सांगता येत नाही, माश्यांना मात्र माहीत असावं असं वाटतं, कारण बाकीच्या फारसा वाद न घालता तिला मान्य करतात. हे वाचल्यापासून मी घर बघताना राणीपेक्षा बाकीच्यांकडे जास्त बघते.

"जातीच्या भल्यासाठी" हे वाक्य आलं की थांबा

व्ही. सी. विन-एडवर्ड्स यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की प्राणी आपल्या गटाच्या भल्यासाठी स्वतःची पिल्लं कमी ठेवतात. जॉर्ज विल्यम्स यांनी १९६६ मध्ये त्याची चिरफाड केली, की अशा गटात एकजण जरी जास्त पिल्लं घालणारा निघाला तर काही पिढ्यांत त्याचीच पिल्लं सगळीकडे. हनुमान लंगूरांमध्ये नवा नर टोळी बळकावतो तेव्हा कधीकधी अंगावर पिणारी पिल्लं मारतो. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ हे नोंदवलं, तेव्हा संख्या आटोक्यात ठेवायला होतं, गर्दीमुळे डोकं फिरतं, असं बरंच बोललं गेलं. सारा हर्डी यांनी माउंट अबूला काम करून १९७० च्या दशकात साधं उत्तर दिलं, पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि पुढचं पिल्लू त्या नराचं होतं. टोळीचं यात नुकसानच. आणि त्याच टोळीत म्हाताऱ्या माद्या त्या नराच्या अंगावर धावून जातात, नात्यातल्या पिल्लासाठी. एकाच झाडावर दोन्ही.

पण गटाची निवड, म्हणजे गटाच्या फायद्याची म्हणून एखादी सवय टिकणं, कधीच होत नाही असंही म्हणू नका. विल्यम मुइर यांनी कोंबड्यांमध्ये सगळ्यात जास्त अंडी देणारी कोंबडी न निवडता सगळ्यात जास्त अंडी देणारा पिंजरा निवडला, आणि काही पिढ्यांत टोचाटोची कमी झाली, मरणारी संख्या घटली आणि अंडी वाढली. गटागटांत स्पर्धा असेल आणि गटाच्या आतली ओढाताण कमी असेल तर ते होतं. फक्त तसं आहे हे दाखवावं लागतं, गृहीत धरता येत नाही.

सुरुवात कुठून करायची

एकदम हत्ती-डॉल्फिनच्या मागे लागू नका, ते दिसतात थोडे आणि त्यांच्याबद्दल आपल्या मनात आधीच खूप काही भरलेलं असतं. छोटं, रोज दिसणारं, एका जागी राहणारं काहीतरी घ्या. उघड्या कप्प्यांचं गांधीलमाश्यांचं घर सगळ्यात उत्तम, दोन-तीन मीटर लांबून दुर्बिणीनं बघा, घराला धक्का लावू नका, तोंड जवळ नेऊन श्वास सोडू नका, आणि डंखाची अॅलर्जी असेल तर मुंग्या घ्या. रोज एकाच वेळेला एक तास, निदान दोन आठवडे. पहिले तीन दिवस फक्त चेहरे. मग प्रत्येकीला दहा मिनिटं, चिठ्ठीच्या क्रमानं, आणि चार रकाने: कोणी केलं, कोणासाठी केलं, करणारीचं काय गेलं, नंतर दोघींचं काय झालं. चौथा रकाना बरेच दिवस रिकामाच राहील. तो रिकामा ठेवा, अंदाजानं भरू नका, आणि एखाद्या सकाळी बाहेरून खाणं आणणाऱ्यांपैकी एकजण परत आलीच नाही तर त्या दिवशी तासाऐवजी दोन तास बसा, तिच्या जागी कोण उडतं ते बघायला.